न्यूयॉर्क–दुबई–मुंबई प्रवासात सिगार, कटर, लायटर: काय कुठल्या बॅगेत?

परदेशी_पुणेकर:
डिसेंबरात बायको आणि मी न्यूयॉर्कहून दुबईमार्गे मुंबईला जातोय. सासऱ्यांसाठी डॉमिनिकन सिगारचे २०-२० चे दोन बॉक्स न्यायचेत. सोबत कटर, जेट लायटर (जोरदार ज्योतीचा, म्हणजेच टॉर्च लायटर), तो भरायचा ब्यूटेन गॅसचा डबा आणि छोटा ट्रॅव्हल ह्युमिडोर (सिगारची आर्द्रता राखणारा डबा). केबिनमध्ये काय, चेक-इनमध्ये काय? भारतात मर्यादा किती? आणि परतताना दुबईत क्यूबन सिगार घेतले तर चालतील का?

कस्टम_कट्टा:
भारतात माणशी २५ सिगार किंवा १०० सिगारेटी किंवा १२५ ग्रॅम तंबाखू ड्युटी-फ्री. यातला 'किंवा' नीट वाचा. सिगारची सवलत घेतलीत की सिगारेटींची वेगळी मिळत नाही. मुंबईत उतरल्यावर तिथल्या ड्युटी-फ्री दुकानात घेतलेलं पाकीटही याच हिशेबात धरतात.

दोघांची सवलत एकत्र करता येत नाही. ४० सिगार तुमच्या एकट्याच्या बॅगेत सापडले, तर वरचे १५ तुमच्या खाती. म्हणून एक बॉक्स तुमच्याकडे, एक वहिनींकडे. म्हणजे दोघंही २५ च्या आत. जास्त न्यायचेच असतील तर रेड चॅनलमधून (ड्युटी लागणारं सामान जाहीर करणाऱ्यांच्या रांगेतून) जा आणि ड्युटी भरा. ग्रीनमधून (जाहीर करण्याजोगं काही नसणाऱ्यांच्या रांगेतून) निघून पकडले गेलात तर ड्युटीवर दंडही बसू शकतो.

आगकाडी:
जेट लायटर घरीच ठेवा. अमेरिकेत टॉर्च लायटर केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. ब्यूटेनच्या डब्याचं तेच, छोटा असो की मोठा. साधा डिस्पोजेबल लायटर तिथून अंगावर एक नेता येतो, पण भारतातून निघताना लायटर आणि काडेपेटी दोन्ही बॅगांत बंद आहेत. चेक-इन बॅगेत लायटर राहिला तर एक्स-रेमध्ये दिसतो, बॅग बाजूला काढतात, तुम्हाला बोलावून उघडायला लावतात, आणि बोर्डिंगला धावपळ. तेव्हा महागडा किंवा आठवणीतला लायटर नेऊच नका. मुंबईत उतरून काडेपेटी घ्या. सिगारला ती उलट बरी. फक्त काडीचं गंधक पूर्ण जळून जाऊ द्या, मगच टोक धरा. नाहीतर पहिले चार झुरके फटाक्यासारखे लागतात.

कटर अमेरिकेत केबिनमध्येही चालतो, पण शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा. पुढे दुबई आणि मुंबईतही तपासणी आहेच, पातं म्हणजे पातं. सरळ चेक-इनमध्ये टाका.

आणि कुणासाठी व्हेप न्यायचं डोक्यात असेल तर काढून टाका. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयातच बंद आहे, स्वतःच्या वापरापुरतीही सूट नाही.

ओलावा६५:
सिगार मात्र केबिनमध्येच. चेक-इन बॅग आपटतात आणि एखादी हरवलीच तर पाहुणचार गेला. केबिनची हवा फार कोरडी असते, बऱ्याचदा २० टक्क्यांहून कमी आर्द्रता, त्यामुळे सेलोफेन काढू नका. २० च्या बॉक्सला ६० ग्रॅमचं एक आर्द्रता-पाकीट पुरे. बॉक्स आणि पाकीट झिपलॉकमध्ये, हवा थोडी दाबून काढलेली. पाणी किंवा ग्लायकॉल भरलेला स्पंज नको. दाब कमी झाला की त्यातलं पाणी गळतं आणि रॅपरवर (सिगारच्या बाहेरच्या पानावर) डाग पडतात.

ह्युमिडोर ओ-रिंगवाला (झाकणाला रबरी कडं असलेला) हवाबंद असेल तर उडताना आतली हवा बाहेर सुटते आणि खाली उतरल्यावर झाकण चिकटून बसतं. हिसका मारलात की सिगार उडालेच. व्हॉल्व्ह असेल तर तो आधी सैल करा.

परदेशी_पुणेकर:
धन्यवाद! सासरे ते लगेच संपवणार नाहीत, जूनपर्यंत पुरवतील. मुंबईच्या दमट हवेत टिकतील का? आणि क्यूबनचं राहिलं.

ओलावा६५:
टिकतील, पण ६९ ऐवजी ६५ टक्क्यांचं (आतली आर्द्रता तेवढ्यावर राखणारं) पाकीट वापरा. पावसाळ्यात बाहेरची हवा ८० च्या वर जाते. डबा सैल असेल तर सिगार फुगतात, रॅपर फाटतो, बुरशी धरते. खरा धोका उष्णतेचा. २४-२५ अंशांच्या वर तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात आणि टाचणीएवढी भोकं दिसू लागतात. शंका असेल तर दुहेरी झिपलॉकमध्ये १ दिवस फ्रिज, ३ दिवस फ्रीझर, पुन्हा १ दिवस फ्रिज. थेट फ्रीझरमधून बाहेर काढलेत तर रॅपर तडकतो. प्रवासानंतर आठवडाभर तसेच पडू द्या, मग पेटवा.

कस्टम_कट्टा:
क्यूबन दुबईतच ओढून संपवा, मुंबईला जाताना किंवा परतताना. २४ सप्टेंबर २०२० पासून अमेरिकेत स्वतःसाठीही क्यूबन सिगार सामानात आणता येत नाहीत, कुठल्या देशात घेतले याने फरक पडत नाही. दुबईचं बिल दाखवून उपयोग नाही.