‘देव बरें करूं’ म्हणायचं राहून गेलं

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तीन आठवड्यांपूर्वी एका म्हातारीकडून हरमलच्या मिरच्यांचा एक वाटा घेतला. माझ्याकडे 500ची नोट, तिच्याकडे सुटे नाहीत आणि मोबाइलवरून पैसे घेण्यातली ती नव्हेच. मी मिरच्या परत टोपलीत ठेवायला लागले, तर हातावर चापट मारून म्हणाली, “मागीर दी गो.” म्हणजे नंतर दे गं. पुढच्या शुक्रवारी गेले, ती नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. 30 रुपये की 35, तेही आता नक्की आठवत नाही, पण पर्सच्या वेगळ्या कप्प्यात काढून ठेवलेत.

त्यावरून हा धागा. कोणी तुमच्यासाठी असं काही केलं आणि ‘देव बरें करूं’, म्हणजे आमच्याकडचं धन्यवाद, म्हणायचं राहून गेलं, असं असेल तर लिहा. देणग्या, सत्कार, फळवाटप नको. स्वतः कुठे कमी पडला असाल तर तेही लिहा. मला तर तेच जास्त वाचायचंय.

बेतीच्या धक्क्यावरची

5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी म्हापशाहून रोज पणजीला नोकरीला जात होते आणि मला सहावा महिना चालू होता. बेतीपर्यंत बस, पुढे फेरीबोट. तिथली गर्दी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. पाऊस, उताराचा निसरडा धक्का, आणि बोटीची फळी खाली टेकायच्या आत माणसं उड्या मारायची. पहिल्या दिवशी मी दोन बोटी सोडल्या. पुढे जायची हिंमतच होईना.

तिसऱ्या बोटीला एक मासेवाली आली. पावसाळ्यातली खाडीची मासळी घेऊन पणजीच्या मार्केटात निघालेली. तिने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डोक्यावरची पाटी उतरवून कमरेवर आडवी धरली, माझ्या मागच्या बाजूला. पाटीतून पाणी गळत होतं. इस्त्रीच्या कपड्यातल्या एकाही माणसाला ते पाणी नको होतं. माझ्याभोवती हातभर मोकळी जागा झाली आणि मी आरामात चालत बोटीत गेले.

मग तो नेमच झाला. मला दिसली नाही तर ती दिसेपर्यंत मी थांबायचे. बोलणं म्हणजे फक्त ओरडा. चपला असल्या का घालतेस, नवऱ्याला बदली मागायला सांग, डबा नीट खात नाहीस वाटतं. बाळंतपणाची रजा संपवून परत आले तर ती त्या वेळच्या बोटीला नसायची. नाव कधी विचारलंच नव्हतं. पोटातला तो मुलगा आता चाळिशीला आलाय, आणि बांगड्यांचं पाणी अंगावर सांडलं की घर डोक्यावर घेतो.

डिचोलीकर

वडिलांना रात्री बांबोळीच्या इस्पितळात दाखल केलं. पणजी स्टँडवरून मी पायलटच्या, म्हणजे भाड्याने नेणाऱ्याच्या, मोटारसायकलवर गेलो. अर्ध्या तासाने तोच पायलट वॉर्डाबाहेर हजर, हातात चटई आणि डासांची अगरबत्ती. म्हणाला, पहिल्यांदा येणाऱ्यांना इथले डास ठाऊक नसतात. भाडं मघाशी रीतसर घेतलं होतं. अगरबत्तीचे पैसे मात्र घेईना.

खिडकीच्या आतली

सगळं गोडगोड चाललंय, म्हणून लिहिते. मी काउंटरवर बसते, कुठल्या खात्यात ते सांगत नाही. काही वर्षांपूर्वी नेत्रावळीकडचे एक आजोबा दोन बस बदलून आले होते. रेशन कार्डाची झेरॉक्स नव्हती. “उद्या घेऊन या,” म्हटलं. दुसऱ्या दिवशी आणली, तर मागच्या पानाची राहिली होती. पुन्हा पाठवलं. ते काही बोलले नाहीत, मान हलवून गेले.

झेरॉक्सचं मशीन माझ्या खुर्चीच्या मागे होतं. चालू होतं. उठले असते तर चार पावलं.

नियम आहे खरा, बाहेरच्यांचे कागद काढून द्यायचे नाहीत. पण त्या दिवशी मला नियम नव्हता आठवला, कंटाळा आला होता. आता काढून देते. साहेब कागदाचा हिशेब मागतील तेव्हा बघू.

वास्कोतला चंदगडकर

2011 ला वेर्ण्याच्या वसाहतीत कामाला आलो. घरमालकीण पहिल्याच दिवशी तोंडावर बोलली, “घाटी लोक नळ उघडा टाकून जातात.” नऊ वर्षं हेच ऐकलं. मार्च 2020 ला टाळेबंदी लागली तेव्हा गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानंही बंद होती. घरात अर्धा किलो पोहे आणि मी. तिने गेल्या पुरुमेंतातली (पावसाळ्यासाठीच्या साठवणीतली) उरलेली सुकी सुंगटं (कोळंबी), तांदूळ आणि दोन नारळ दाराशी ठेवले आणि आतूनच ओरडली, “पाणी जपून वापर!” दोन महिन्यांचं भाडंही मागितलं नाही. नंतर द्यायला गेलो तर म्हणाली, “कसलं भाडं?”

अजूनही मला घाटीच म्हणते. मला अजूनही राग येतो. दोन्ही खरं आहे, काय करणार.

सत्तरीहून

23 जुलै 2021 चा म्हादईचा पूर. कमरेइतकं पाणी ओसरलं तेव्हा घरात वीतभर चिखल होता. कुठून कुठून पोरं खोरी घेऊन आली. त्यातला एक चिखलात हात न घालता कोपऱ्यात बसलेला, मला वाटलं कामचुकार. जवळ जाऊन बघतो तर आमच्या लग्नाच्या अल्बममधले फोटो एकेक सोडवून कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर लावत होता. तेवीस वाचले.

म्हापशाहून पुन्हा मीच

बेतीच्या ताईंचा अनुभव घरी मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई त्याच बोटीने जायच्या. म्हणाल्या, “त्या पाटीचं पाणी माझ्याही साडीवर पडलंय!”

काल शुक्रवार होता. म्हातारीच्या जागेवर तिची मुलगी बसलेली. आईचा गुडघा दुखतोय, म्हणाली. मी 35 रुपये तिच्या हातात ठेवले आणि काय झालं ते सांगायला लागले. तिने 5चं नाणं काढून परत दिलं.

“आवयन तीसच सांगिल्ले.”