चर्चा: डेव्हएम वापरलं म्हणजे ड्रायव्हर सुरक्षित झाला का?

सातपूरकर (धागाकर्ता)

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या टेस्ट बेंचवर आणि लासलगाव-पिंपळगावच्या भुईकाट्यांवर लिनक्सच्या छोट्या पेट्या आता नेहमीच्या झाल्यात. त्यांना एखादं यूएसबी किंवा पीसीआय कार्ड लागलेलं असतं आणि त्याचा ड्रायव्हर (कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बसून ते कार्ड चालवणारा कोड) पुष्कळदा घरचाच असतो. या घरच्या ड्रायव्हरांत एक सवय दिसते. प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडलं की चालणारं फंक्शन) सगळं डेव्हएमने (घेतलेलं आपोआप परत करणारी कर्नलची सोय) घ्यायचं, रिमूव्ह (डिव्हाइस काढताना चालणारं) रिकामं ठेवायचं आणि लीक, म्हणजे परत करायचं राहिलेलं काही, नाही म्हणून हात झटकायचे.

माझं मत: जो ड्रायव्हर यूजरला उघडायला फाइल देतो, त्यातलं प्रायव्हेट स्ट्रक्चर (ड्रायव्हरच्या स्वतःच्या डेटाची मेमरी) डेव्हएम_केझॅलॉकने घेणं ही सरळ चूक आहे. रिव्ह्यूमध्येच परत पाठवावी.

डेव्हएमने घेतलेली मेमरी ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की लगेच मोकळी होते. पण वजन वाचणाऱ्या प्रोग्रॅमने स्लॅश-डेव्हमधली फाइल उघडून ठेवलेली असते, ती केबल ओढली म्हणून बंद होत नाही. सीडेव्ह_डेलने डिव्हाइसची नोंद काढल्यावरही उघड्या फाइलवरचे रीड, आयऑक्टल (डिव्हाइसला दिलेले हुकूम) आणि रिलीज (फाइल बंद करणं) चालूच राहतात. त्यांच्या हातातला पॉइंटर मात्र आता मोकळ्या केलेल्या मेमरीकडे बघतोय. "ओनर म्हणून मॉड्यूल दिलंय की" हे उत्तर इथे चालत नाही. ओनरमुळे मॉड्यूलचा कोड जागेवर राहतो, डेटा नाही.

बरोबर मांडणी अशी: स्ट्रक्चर साध्या केझॅलॉकने घ्या, त्यातच स्ट्रक्ट डिव्हाइस (कर्नलची डिव्हाइसची नोंद) बसवा, केफ्री (मेमरी सोडणं) फक्त त्याच्या रिलीज कॉलबॅकमध्ये करा आणि नोंदणी सीडेव्ह_डिव्हाइस_अ‍ॅडने करा. मग फाइल उघडी आहे तोवर डिव्हाइसचा रेफरन्स (अजून वापरात असल्याची खूण) आपोआप धरलेला राहतो. सोबत एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आणि "गेलं" असा एक फ्लॅग. प्रत्येक रीड-आयऑक्टलने म्युटेक्स घेऊन आधी फ्लॅग बघायचा, आणि तो लागलेला असेल तर एनोडेव्ह ("डिव्हाइस नाही" हा एरर) परत करायचा.

एक खोच आहे. रीड डेटाची वाट बघत म्युटेक्स धरूनच झोपला, तर रिमूव्ह त्याच म्युटेक्सवर ताटकळतो. १२० सेकंदांनी कर्नलची हंग टास्कची (काम अडकल्याची) ओरड सुरू होते आणि त्याच हबवर लावलेलं दुसरं यूएसबीही तोवर ओळखलं जात नाही. म्हणून झोपण्याआधी म्युटेक्स सोडा, जागं होण्याच्या अटीत "डेटा आला किंवा डिव्हाइस गेलं" असं दोन्ही ठेवा, आणि रिमूव्हमध्ये फ्लॅग लावल्यावर वेक_अप_ऑल करून झोपलेल्यांना उठवा. पोलने (डेटा आला का विचारणारा कॉल) हँगअप कळवायला विसरू नका, नाहीतर वरचा प्रोग्रॅम मेलेल्या काट्याकडे डोळे लावून बसेल.

ओझर रोड

साहेब, एका रोगासाठी अख्खं औषधाचं दुकान बंद करायला निघालात. डेव्हएम २००७ मध्ये २.६.२१ कर्नलात आलं ते उगीच नाही. त्याआधी प्रोबच्या शेवटी गोटूच्या पायऱ्या (चूक झाली तर एकेक गोष्ट हाताने सोडत जाणाऱ्या) असायच्या आणि मधली एखादी पायरी चुकली की क्लॉक चालूच राहायचा किंवा आयआरक्यू (इंटरप्टची, म्हणजे हार्डवेअरच्या हाकेची लाइन) दोनदा सुटायचा. तुमच्या पद्धतीने नवशिक्याला लिहायला लावा, एक युज-आफ्टर-फ्री (सोडलेली मेमरी वापरणं) जाईल आणि चार लीक येतील.

शिवाय बोर्डावर सोल्डर केलेला एडीसी (सिग्नलचा आकडा करणारी चिप) कोण ओढून काढणार? तिथे ड्रायव्हर अनबाइंड होतो (डिव्हाइसपासून सुटतो) तो फक्त कुणी सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींत) हात घातला तर. ड्रायव्हरमध्ये सप्रेस_बाइंड_अ‍ॅट्र्स लावा, अनबाइंडची फाइलच दिसणार नाही. विषय संपला.

सातपूरकर

संपला नाही. त्या एडीसीला पॉवर देणारा रेग्युलेटर हे वेगळं डिव्हाइस आहे आणि दोघांत पुष्कळदा डिव्हाइस लिंक (कोण कुणावर अवलंबून याची नोंद) असते. सप्लायरचा (इथे रेग्युलेटरचा) ड्रायव्हर सुटला की कर्नल आधी कंझ्युमरचा (एडीसीचा) सोडवतो, तिथे तुमची लपवलेली फाइल कुणी बघत नाही. डिव्हाइस ट्री ओव्हरले (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या यादीची पुरवणी) काढला तरी तेच. गोटूच्या पायऱ्यांबद्दल मात्र मान्य. रजिस्टर मॅपिंग, क्लॉक, रेग्युलेटर, जीपीआयओ हे सगळं डेव्हएमनेच घ्या, कारण ते हार्डवेअरसोबत गेलंच पाहिजे. भांडण फक्त त्या एका स्ट्रक्चरपुरतं आहे.

गंगापूर नाका

दोघंही मेमरीवर अडकलात. अर्धं डेव्हएम आणि अर्धं हाताने, ही भेसळ त्याहून वाईट. डेव्हएमच्या गोष्टी सुटतात त्या रिमूव्ह संपल्यावर, आणि घेतल्या त्याच्या उलट क्रमाने. म्हणजे आयआरक्यू डेव्हएमने घेतला आणि रिमूव्हमध्ये क्लॉक हाताने बंद केला, तर मधल्या फटीत इंटरप्टचा हँडलर (इंटरप्ट आला की धावणारं फंक्शन) जिवंत असतो. त्या क्षणी इंटरप्ट आला की हँडलर क्लॉक नसलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचतो. बऱ्याच एआरएम चिपवर त्याचा परिणाम म्हणजे बस अबॉर्ट, नाहीतर पेटी जागच्या जागी थिजते आणि लॉगमध्ये एक ओळही सापडत नाही.

मोडायचा क्रम: आधी डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये इंटरप्ट मास्क (बंद) करा आणि लगेच तेच रजिस्टर परत वाचा. पीसीआयवरची रायटं वाटेत रेंगाळतात, वाचल्याशिवाय पोचल्याची खात्री नाही. मग फ्री_आयआरक्यू, तो चालू हँडलर संपेपर्यंत थांबतो. मग कॅन्सल_वर्क_सिंक, तो मागे ठेवलेली कामं थांबवतो. टायमर स्वतःलाच पुन्हा लावत असेल तर टायमर_शटडाउन_सिंक वापरा, कर्नल ६.२ पासून आहे. त्यानंतर बस मास्टर (कार्डाची स्वतः रॅम वापरायची मुभा) बंद, आणि डीएमएचा (कार्ड थेट रॅममध्ये लिहितं त्याचा) बफर सगळ्यात शेवटी. बफर आधी सोडलात तर कार्ड दुसऱ्याच कुणाच्या पानावर लिहीत बसेल.

आयआरक्यू शेअर्ड (अनेक डिव्हाइसांची एकच लाइन) असेल तर आपला नसलेला इंटरप्ट आयआरक्यू_नन ("माझा नाही") म्हणून परत करायलाच हवा. उलट बाजूने, आपला असून नाही म्हटलं तर १,००,००० पैकी ९९,९०० इंटरप्ट बेवारस ठरल्यावर कर्नल ती लाइनच बंद करतो.

पंचवटी

हे एवढं रामायण वाचल्यावर प्रश्न पडतो, कर्नलात जायचंच कशाला? काट्याचं आणि बारकोडचं काम लिबयूएसबी लायब्ररीने यूजरस्पेसमधून (कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रॅममधून) होतं. केबल ओढली तर "डिव्हाइस नाही" असा एरर कोड मिळतो, फार तर प्रोसेस मरते आणि सिस्टमडी (प्रोग्रॅम चालू ठेवणारा) दोन सेकंदांत ती उठवतो. पीसीआय कार्ड यूजरस्पेसमधून चालवायला यूआयओ आहे, व्हीएफआयओ आहे. १९ जुलै २०२४ आठवा. कर्नलात बसलेल्या क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरने चुकीची फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली.

गंगापूर नाका

ते हार्डवेअर चालवणारं नव्हतंच, सुरक्षा सॉफ्टवेअर होतं. यूएसबीपुरतं तुमचं पटतं, भुईकाट्यासाठी कर्नल ड्रायव्हर लिहिणं हौसच. पण यूआयओचं नाव सुरक्षेसाठी घेऊ नका. डीएमए करणारं कार्ड यूआयओने उघडं केलं, तर तो प्रोग्रॅम कार्डाला रॅमचा कुठलाही पत्ता देऊ शकतो, म्हणजे कर्नलवर लिहायची किल्लीच दिलीत. व्हीएफआयओ ते अडवतं, पण आयओएमएमयूच्या (कार्डाला रॅमचा ठरलेलाच भाग दाखवणारं हार्डवेअर) जोरावर. तो स्वस्त इंडस्ट्रियल पीसीत पुष्कळदा नसतो किंवा बायोसमध्ये बंद असतो. असला तरी अख्खा आयओएमएमयू ग्रुप (एकमेकांपासून वेगळी न करता येणारी डिव्हाइसं) एकत्र द्यावा लागतो. कार्डाच्या ग्रुपमध्ये शेजारचं नेटवर्क कार्ड निघालं की बसा.

ओझर रोड

आणि वेळेचं काय? मॉडबस आरटीयूमध्ये (कारखान्यातला सिरियल प्रोटोकॉल) दोन फ्रेममध्ये साडेतीन अक्षरांची शांतता लागते. ९६०० बॉडला, ११ बिटांचं अक्षर धरून, ती ४ मिलिसेकंद होते. एफटीडीआय (यूएसबी-सिरियल) चिपचा लेटन्सी टायमरच (डेटा किती वेळ साठवून मग पाठवायचा ते) मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. वरून वेळ मोजणाऱ्याला ती शांतता दिसणारच नाही. आधी तो सिसएफएसमधून १ वर आणा, मग यूजरस्पेसच्या गप्पा.

देवळाली कॅम्प

रस्ट भाषेचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं नवल. कर्नलात ६.१ पासून आहे, आणि रजिस्टर मॅपिंग तिथे रिव्होकेबल (परत काढून घेता येणाऱ्या) वेष्टनात मिळतं. डिव्हाइस सुटलं की आत शिरताच येत नाही, "नाही" हेच उत्तर मिळतं आणि ते हाताळल्याशिवाय कोड कंपाइल होत नाही. धागाकर्त्याचा तो फ्लॅग बघायला सी भाषेत माणूस विसरतो, इथे विसरताच येत नाही.

सातपूरकर

भाषेबद्दल वाद नाही, पण बोर्डवाला देतो तो कर्नल ५.१० नाहीतर ५.१५. तिथे रस्ट आणणार कुठून? आणि डीएमए चालू ठेवून बफर सोडला, तर कार्डाला बॉरो चेकर (रस्टचा मेमरी-तपासनीस) माहीत नसतो.

गोदाघाट

वाद चालू द्या, पण आपापला ड्रायव्हर आधी तपासून घ्या. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागल्यावर पूर आला हे सगळ्या गावाला कळतं. फिल्डमध्ये ऊप्स (कर्नल चुकल्याचा संदेश) दिसतो तो तेव्हाच. घोट्याएवढं पाणी बघायचं असेल तर हे करा.

कासॅन (मेमरीच्या चुका पकडतो), प्रूव्ह_लॉकिंग (कुलपांच्या चुका), डीबग_केऑब्जेक्ट_रिलीज (रिलीज मुद्दाम लांबवतो) आणि डीबग_एसएचआयआरक्यू लावून वेगळा कर्नल बांधा. कासॅन आठवा हिस्सा मेमरी खातो आणि मशिन मंद करतो, म्हणून हा कर्नल बेंचवरच ठेवा, गिऱ्हाइकाकडे नको. डीबग_एसएचआयआरक्यू शेअर्ड हँडलर सोडण्याच्या ऐन वेळी एक खोटा इंटरप्ट मारतो, त्यामुळे वरची क्लॉकची फट उघडी असली तर तिथेच पकडली जाते. मग एका टर्मिनलवर फाइल उघडून रीडमध्ये अडकलेला प्रोग्रॅम ठेवा, दुसऱ्यावरून सिसएफएसच्या अनबाइंडमध्ये डिव्हाइसचं नाव लिहा, पहिला प्रोग्रॅम बंद करा, पुन्हा बाइंड करा. हे लूपमध्ये किमान ५०० वेळा. "अनबाइंडनंतर क्लोज" हा क्रम चुकवू नका. आधी क्लोज केलं तर धागाकर्त्याची चूक कधीच दिसणार नाही, आणि "आमच्याकडे तर चालतंय" म्हणणारे बहुतेक इथेच फसतात.

पीसीआय कार्ड असेल तर स्टेटस बदलायची वाट बघणाऱ्या वाईल लूपही शोधा. कार्ड बसवरून गेलं की प्रत्येक रीडला सगळे बिट १ येतात, त्यात बिझीचा बिटही १, आणि लूप कधीच संपत नाही. तिथे रीडएल_पोल_टाइमआउट घाला, ते ठरलेल्या वेळाने वाट बघणं सोडतं.

ओझर रोड

५०० कशाला, आमच्या पद्धतीच्या ड्रायव्हरवर ५०००चा लूप लावा. बोर्डावरचाच घ्या, बाइंडची फाइल तेवढ्यापुरती उघडतो. पडला तर तुमचं खरं, पण कासॅनचा ट्रेस इथे चिकटवा.