दिवसभर कमी खाते आणि रात्री हात थांबत नाही, काय करू?

पहिली_पीयूसी:
नमस्कार. मी उचगावहून रोज बेळगावला कॉलेजला येते. पीयूसीचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी, सायन्स. वय १६. एसएसएलसी म्हणजे दहावीनंतर सुट्टीत घरीच होते, तेव्हा वजन वाढलं. गणपतीत आत्ती आली होती, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "किती खायलालीस गं, अंगाकडं बघ की जरा." त्या दिवसापासून मी डाएट चालू केलं.

सकाळी बिनसाखरेचा चहा पिऊन सातची बस पकडते. आई डब्यात दोन भाकरी आणि भाजी देते. त्यातली एक मैत्रिणीला देते, कधी कधी सगळाच डबा. कॉलेज सुटलं की टिळकवाडीत ट्यूशन, घरी पोचायला साडेसात होतात. तोपर्यंत सगळं नीट चाललेलं असतं. घरात आलं की चुरमुऱ्याचा डबा. मग फरसाण. मग जेवण, सगळ्यांसमोर एकच भाकरी. आणि सगळे झोपले की परत स्वयंपाकघरात. झाकण वाजू नये म्हणून ओढणीत धरून काढते. शेंगांचे लाडू आईनं मोजून ठेवलेले असतात, त्यांना हात लावत नाही. चुरमुरे, गूळ, गार भात, जे मोजलेलं नाही ते खाते. चव कळतच नाही. पोट दुखायला लागलं की थांबते. चुरमुरे कमी झालेले दिसू नयेत म्हणून डबा हलवून वरचा थर सारखा करून ठेवते. दिवाळीत बाबांनी कुंद्याचा, आपल्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, बॉक्स आणला होता, अर्धा मीच संपवला. सकाळी बोलणी बसली धाकट्या भावाला. मी गप्प बसले.

हे आठवड्यातून तीन-चारदा होतं, दोन महिने झाले. दुसऱ्या दिवशी मी अजून कमी खाते. वजन काही उतरलेलं नाही. मला उगीच काहीतरी औषध-पावडर घ्यायची नाही, तब्येत सांभाळून बारीक व्हायचंय. आपल्याकडं मिळणाऱ्या जिनसांचा डाएट चार्ट असला तर सांगा. आणि रात्री मनाला कसं आवरायचं तेही सांगा.

येळ्ळूरकर:
संध्याकाळी सातनंतर तोंडात काही घालायचं नाही असं ठरव. मी तसंच केलं, चार महिन्यांत पँट सैल झाली. पहिले आठ दिवस त्रास होतो, मग सवय होते. स्वयंपाकघराला कुलूप लावायला सांग आईला.

शहापूरची_अक्का:
दादा, तुम्ही चांगल्या मनानं सांगताय, पण ही पोर १६ वर्षांची आहे, साडेसातला घरी पोचते आणि तोपर्यंत तिच्या पोटात चहा आणि अर्धा डबा. सातनंतर तोंड बंद म्हणजे तिनं जेवायचंच नाही. कृपा करून हा सल्ला परत घ्या.

बाळ, तुझं वाचून मी अर्धा तास तशीच बसून राहिले. झाकणाचं लिहिलंस ना, मी टॉवेल घ्यायचे. बारावीच्या वर्षी सुरू झालं आणि पुढची दोन वर्षं गेली त्यात. मला वाटायचं माझं मनच कमजोर आहे. पुढं ज्या समुपदेशक बाईंकडं गेले त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दुपारी काय जेवलीस?" मी म्हटलं, काही नाही. "मग रात्रीबद्दल नंतर बोलू."

तू मनाला आवरायचं कसं ते विचारलंयस. मला विचारशील तर आधी सकाळी खा. बारा तास उपाशी ठेवलेलं अंग रात्री त्याचं मागून घेतं, त्यात तुझा स्वभाव वाईट नाही. आणि एक गोष्ट सगळ्यांत अवघड, पण तिच्यामुळंच माझं चक्र तुटलं. रात्री कितीही खाल्लं गेलं तरी दुसऱ्या दिवशीचा नाष्टा चुकवायचा नाही. पोट जड असलं तरी थोडं खायचं. काल जास्त झालं म्हणून आज उपास केलास की उद्याची रात्र पक्की ठरलीच म्हणून समज.

वजनकाटा घरात असेल तर आईला सांगून माळ्यावर टाकून दे. वहीत लिहायचंच असेल तर किती वाजता खाल्लं आणि त्याआधी काय झालं होतं ते लिही. माझ्या वहीत महिन्याभरात दिसलं की ज्या दिवशी घरात कुणी माझ्या अंगावरून बोललं, त्या रात्री हमखास. तुझी आत्ती आठवली मला.

निपाणी_बालरोग:
मी निपाणीत लहान मुलांचा डॉक्टर आहे. इथं तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली, या वयात वजन वाढणं हा वाढीचाच भाग आहे. मुलींची कंबर-मांड्या भरतात, ते अपेक्षित आहे. मोबाईलवरचे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सांगणारे तक्ते मोठ्यांचे असतात. १८ वर्षांपर्यंत वय आणि उंची धरून वेगळा तक्ता बघायचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ५ ते १८ वयासाठी असे तक्ते २०१५ मध्ये काढलेत, ते आम्हा सगळ्यांकडं असतात. खरोखर वजन जास्त आहे की आत्तीबाईंना तसं वाटलं, हे आधी त्या तक्त्यावर बघूया. जास्त निघालं तरी वाढत्या वयात बरेचदा आम्ही वजन उतरवायच्या मागं लागत नाही, आहे तिथं स्थिर ठेवतो, उंची वाढते आणि जमून जातं.

दुसरी, भुकेबद्दल. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ती माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागली, स्वयंपाकाची पुस्तकं वाचायला लागली, पाककृती जमवायला लागली. जेवण परत सुरू केल्यावर त्यांतल्या काहींचं खाणं थांबेना, पोट भरूनही भूक सरेना. मनानं मजबूत म्हणून निवडून घेतलेली माणसं होती ती. तुला रात्री पाककृतींचे व्हिडिओ बघावेसे वाटतात का? वाटत असतील तर कारण हेच.

तिसरी, थोड्या वेळात खूप खाणं, थांबवता न येणं, लपून खाणं आणि नंतर स्वतःची लाज वाटणं, हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललं तर त्याला बिंज ईटिंगचा आजार म्हणतात. २०१३ पासून मानसोपचाराच्या पुस्तकात तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. तुला तो आहे असं मी म्हणत नाही. पण तीन महिने पुरे व्हायची वाट बघू नकोस. उपचार आहे, बोलण्याचा उपचार, आणि तो लागू पडतो.

आईला घेऊन डॉक्टरकडं जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघतील, पाळी अनियमित असेल तर तेही सांग. एक विचारतो, खरं सांग. खाल्लेलं बाहेर काढावं असं कधी वाटलं का?

पहिली_पीयूसी:
व्हिडिओ बघते. रोज. कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि हो, दोनदा वाटलं. केलं नाही. पण वाटलं.

निपाणी_बालरोग:
सांगितलंस हे फार चांगलं केलंस. आता हे आईला याच आठवड्यात सांग, पुढं ढकलू नकोस. तो मार्ग दातांपासून हृदयापर्यंत सगळ्यावर घाला घालतो, आणि त्यानं वजनही उतरत नाही. परत तसं वाटलं आणि घरात बोलता येईना, तर १४४१६ ला फोन कर. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २४ तास, फुकट, कन्नडबरोबर मराठीतही बोलतात. शिवाय आपल्या कर्नाटकात सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी स्नेहा क्लिनिक असतं, तिथं समुपदेशक भेटतात. तालुक्याच्या दवाखान्यात चौकशी कर.

शहापूरची_अक्का:
आईला काय सांगायचं ते सुचत नसेल तर मी जे बोलले होते ते घे. भांडी घासताना बोलले, म्हणजे तोंडाकडं बघावं लागत नाही. "आई, मला रात्री खाणं थांबवता येत नाही. मला भीती वाटायलालीय. ओरडू नको, नुसतं ऐक." एवढं बोलून झालं की पुढचं आपोआप होतं. तुझी आई लाडू मोजते, तिला अर्धं कळलेलंच असणार.

खानापूर_मावशी:
चार्ट वगैरे मला कळत नाही, पण दोन पोरी कॉलेजला पाठवल्यात, डब्याचं सांगते.

सकाळी नुसत्या चहावर घर सोडायचं नाही. अंबोळी, नाही तर रात्रीची भाकरी दुधात कुस्करून, नाही तर नाचणीची आंबील ताक घालून. आंबील उभ्या उभ्या पिता येते, बस चुकत नाही. डब्यातल्या दोन्ही भाकरी तुझ्या. मैत्रिणीला द्यायची असेल तर आईला तिसरी मागून घे. भाजीबरोबर मटकी किंवा मुगाची उसळ असू दे, जोंधळ्याची भाकरी आणि उसळ पोटात टिकते. काकडी जेवणाबरोबर खायची असते गं, जेवणाऐवजी नाही.

आता ट्यूशनच्या आधीचं. इथंच तुझी गाडी अडते असं मला वाटतं. दुपारनंतर साडेसातपर्यंत काहीच नाही, मग चुरमुऱ्यावर झडप पडणारच. दुसरा छोटा डबा घे. आता रताळी आलीत बाजारात, आपल्या भागातलीच, आई सकाळी भाताच्या कुकरात दोन टाकून देईल. एखाद्या दिवशी फुटाणे, एखाद्या दिवशी शेंगदाणे-गूळ, एखादं केळं. पाच वाजता खायचं, भूक लागो न लागो. माझ्या थोरलीला मी बसस्टॉपवर फोन करून विचारायचे, खाल्लंस काय म्हणून.

आणि चुरमुरे काही वाईट नाहीत. वाटीत घे, कांदा-शेंगा घाल, सगळ्यांबरोबर खाली बसून खा. कुंदापण तसाच, ताटात वाढून घे, दिवसाउजेडी. आपल्या बेळगावात राहून कुंद्याशी वैर करून कसं चालेल? लपवलं की जास्त आठवतं. जेवताना सगळ्यांसमोर एक भाकरी आणि मागून डबा, त्यापेक्षा समोरच दोन भाकरी खा.

येळ्ळूरकर:
डॉक्टर, अक्का, वाचलं. माझं लिहिलेलं चुकीचं होतं, मी ४८ वर्षांचा माणूस, माझं माप पोरीला लावलं. बाळ, कुलपाचं विसर. माझी पोरगी पण पीयूसीलाच आहे, आज तिच्या डब्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

मैदानावरचा_सर:
मी शाळेत खेळ शिकवतो. व्यायामाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते, आणि ती तुकड्यातुकड्यांनी चालते. ट्यूशन टिळकवाडीत आहे तर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर मैत्रिणीबरोबर वीस मिनिटं चालून या, झाडी आहे, मन हलकं होतं. कॉलेजात खो-खो, कबड्डी असेल तर नाव घाल.

पण काल जास्त खाल्लं म्हणून आज दोरीवरच्या उड्या, हा हिशेब करू नकोस. माझ्याकडं अशा मुली येतात, रिकाम्या पोटी धावतात आणि चक्कर येऊन बसतात. खेळ ही शिक्षा झाली की दोन आठवड्यांत सुटतो.

झोप किती मिळते तेही सांग. तुझ्या वयाला ८ ते १० तास लागतात. कमी झोपलं की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. रात्री साडेबारापर्यंत जागी असशील तर स्वयंपाकघराची आठवण होणारच.

पहिली_पीयूसी:
साडेपाच तास झोपते सर. अभ्यास राहतो.

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. आईला सांगितलं, भांडी घासतानाच. ती काही बोलली नाही, ताट धुवायचं थांबवून माझा हात धरून उभी राहिली. मग म्हणाली चुरमुऱ्याचा डबा सारखा केलेला तिला रोज दिसायचा. डॉक्टरांकडं गेलो. हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या दिल्यात. वजन तक्त्यावर थोडंसंच जास्त आहे, उतरवायचं नाही, वाढू द्यायचं नाही, एवढंच म्हणाल्या. समुपदेशक बाईंना दोनदा भेटले.

पाच वाजताचा डबा चालू आहे. रताळ्यांचा कंटाळा आला, आता फुटाणे. पहिल्या आठवड्यात तीनदा झालं, दुसऱ्यात एकदा, या आठवड्यात परत दोनदा. पण या दोन्ही वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी आंबील पिऊनच बाहेर पडले. कुंद्याचं भावाला सांगितलं. तो म्हणाला त्याला माहीत होतं, मी रडेन म्हणून बोलला नाही.

एक भीती आहे. रविवारी चुलतबहिणीचं लग्न आहे. आत्ती येणार. जेवणाच्या पंगतीत तिच्यासमोर बसायचं कसं?

खानापूर_मावशी:
आईच्या शेजारी बस. आत्ती बोलायच्या आधी आईनंच बोलायचं, "वन्सं, तिच्या खाण्यावरून काही बोलायचं नाही, डॉक्टरनी सांगितलंय." हे आजच सांगून ठेव तिला. आणि लग्नाला जायचंय म्हणून सकाळी उपाशी राहू नकोस, दोन अंबोळ्या खाऊनच घर सोड.