सुबहुन्तीबोला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती

नोकरी सांभाळून विद्यापीठात संध्याकाळचा स्पॅनिशचा वर्ग करतेय. बी-१, म्हणजे मधली पातळी सुरू आहे. आत्तापर्यंत बरं चाललं होतं. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ तर मला शिकावंच लागलं नाही. ‘मला आंबे आवडतात’ हेच ते, क्रियापदसुद्धा आपल्यासारखंच आंब्यांच्या मागे जातं. इंग्रजीतून विचार करणारे मात्र तिथे दोन आठवडे अडकले होते.

मग सुबहुन्तीबो आला, म्हणजे क्रियापदाचं ते वेगळं रूप, इंग्रजीत ज्याला सब्जंक्टिव्ह म्हणतात. (लिहितात ‘व्ही’ने, ऐकू येतो ‘ब’, म्हणून ‘बो’.) मॅडमनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली:

से के बिएनेस – तू येतोयस हे मला माहीत आहे.
किएरो के बेन्गास – तू यावंस असं मला वाटतं.

छापील टिपणं इंग्रजीत आहेत. इच्छा, शंका, भावना, शक्यता, विनंती... यादी संपतच नाही. मी वहीच्या समासात सगळं मराठीत लिहून काढते, आणि तिथे सुबहुन्तीबोपुढे ‘विध्यर्थ’ लिहून ठेवलंय. बरोबर आहे का?

प्रतिसाद १

अगदी बरोबर. शाळेत क्रियापदाचे चार अर्थ घोकले होते ना, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ? त्यातला तिसरा. तुमच्याच वाक्यातली गंमत बघा. ‘तू येशील असं मला वाटतं’ हा अंदाज. ‘तू यावंस असं मला वाटतं’ ही इच्छा. ‘वाटतं’ दोन्हीकडे तेच, सगळा फरक ‘येशील’ आणि ‘यावंस’मध्ये. स्पॅनिशला पुढचं क्रियापदही बदलावं लागतं: ‘क्रेओ के बेन्द्रास’ आणि ‘किएरो के बेन्गास’. शिवाय ‘यावंस’ आणि ‘बेन्गास’ दोन्हींच्या शेवटी ‘स’. योगायोग म्हणा हवं तर.

प्रतिसाद २

थांबा, इतकं सोपं नाही. ‘सि तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारिआ उना कासा’ म्हणजे ‘पैसे असते तर घर घेतलं असतं’. ‘तुबिएरा’ सुबहुन्तीबोच आहे, पण आपला ‘असते’ हा संकेतार्थ. तिथे विध्यर्थ कुठून आणणार?

यातही एक खड्डा आहे, मी पडलोय त्यात. मराठीत हे एकच वाक्य ‘आत्ता पैसे नाहीत’ला चालतं आणि ‘तेव्हा नव्हते’लाही. स्पॅनिशमध्ये तेव्हाच्या पैशांसाठी ‘सि उबिएरा तेनिदो’ लागतं. बी-२च्या तोंडी परीक्षेत मी दहा वर्षांपूर्वी हुकलेल्या फ्लॅटची गोष्ट रंगवून सांगितली, सगळीकडे ‘तुबिएरा’ ठोकत. समोरच्या बाईंनी सहानुभूतीनं विचारलं, अजून किती कमी पडतायत?

आणि ‘कुआन्दो येगे मि एर्मानो, सेनामोस’? ‘भाऊ आला की जेवू.’ भाऊ अजून यायचाय, तरी आपण सरळ भूतकाळातलं ‘आला’ वापरतो. रोजचंच असेल तर ‘येगे’चं ‘येगा’ होतं: ‘भाऊ आला की जेवतो’. आपला ‘आला’ जागचा हलत नाही. म्हणजे एका सुबहुन्तीबोला मराठीत तीन वेगवेगळी रूपं.

प्रतिसाद ३

संस्कृतात याला नेमका शब्द आहे: लेट्. पाणिनीचा हा लकार (क्रियापदाच्या रूपांचा एक गट) फक्त वेदात सापडतो, पुढे लोपला. मराठी विध्यर्थाचं नातं नावापुरतं तरी विधिलिङ या दुसऱ्या लकाराशी, ते प्रकरण वेगळं.

मूळ लॅटिन नावाचा अर्थ ‘खाली जोडलेला’. त्यातला ‘जुंग’ म्हणजे आपला युज्, योग, आणि बैलाच्या मानेवरचं जू. एक क्रियापद दुसऱ्याच्या हाताखाली जुंपलेलं. तेव्हा ‘अनुयोजी’ कसा वाटतो?

धागाकर्ती

काका, ‘लेट्’ नको हो. ऑफिसातून निघून वर्गाला रोज लेटच असते मी. ‘अनुयोजी’ ऐकून तर सरकारी योजना आठवली.

प्रतिसाद ४

नाव काहीही द्या, पण समासात हे एक उदाहरण लिहून ठेवा. व्याख्या आपोआप विसराल.

स्थळं बघणाऱ्या मावशी दोन प्रकारे बोलतात. ‘पुण्यात घर असलेल्या एका मुलाला शोधतेय’ म्हणजे मुलगा ठरलेला आहे, मावशींनी त्याला लग्नात कुठेतरी पाहिलाय, आता फोन नंबर हवाय. ‘पुण्यात घर असेल असा मुलगा शोधतेय’ म्हणजे मुलगा अजून हवेत आहे, जगात असेलच याची खात्री नाही.

आता स्पॅनिश:

बुस्को आ उन चिको के तिएने कासा.
बुस्को उन चिको के तेन्गा कासा.

पहिल्यात ‘आ’ आहे, तो आपला ‘ला’. माणूस नक्की झाला की कर्माला ‘ला’ लागतो, स्पॅनिशमध्ये ‘आ’. दुसऱ्यात माणूस नक्की नाही, म्हणून ‘आ’ गळला आणि ‘तिएने’चं ‘तेन्गा’ झालं. ‘असलेल्या’ विरुद्ध ‘असेल असा’. वस्तूलाही हेच. घरदलालाला ‘बाल्कनी असेल असा फ्लॅट’ म्हणायचं तर ‘उन पिसो के तेन्गा बाल्कोन’. (‘पिसो’ स्पेनमध्ये. मेक्सिकोत ‘देपार्तामेन्तो’ म्हणा.)

मला ‘आ’ कधी लावायचा हे इंग्रजीतल्या पुस्तकात चार पानं वाचून कळलं नव्हतं. ‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ हे शेजारी शेजारी लिहिलं आणि सुटलं. बाकी ‘ला’ आपल्याकडे कधी खुर्चीलाही लागतो, तेवढं तिकडे नेऊ नका.

प्रतिसाद ५

सगळे ‘यावं’पाशी अडकलात, ‘येवो’ राहिलं! पडो, होवो, लाभो, असो. ‘ओहाला येउएबा’ म्हणजे ‘देव करो नि पाऊस पडो’. ‘के ते बाया बिएन’ म्हणजे ‘तुझं भलं होवो’. ‘सेआ लो के सेआ’ म्हणजे ‘काहीही असो’. हा आपल्या व्याकरणात आज्ञार्थाच्या खोलीत राहतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

नेब्रिहा या व्याकरणकाराने १४९२ साली कास्तियन, म्हणजे स्पॅनिश भाषेचं व्याकरण छापलं, त्यात इच्छेसाठी ओप्तातीबो आणि जोडवाक्यांसाठी सुबहुन्तीबो असे दोन वेगळे अर्थ मानले होते. रूपं बहुतेक एकच, म्हणून पुढे एकाच डब्यात गेले. मराठीत रूपंच वेगळी आहेत, तर आपण कशाला एका डब्यात कोंबायचं?

जाता जाता: ‘ओहाला’ मूळचा अरबी, ‘अल्लाहने इच्छिलं तर’. तिकडे अरबी शब्द ७११ नंतर थेट अरबी राज्यासोबत शिरले, आपल्याकडे फारसीच्या हाताला धरून आले. म्हणून तिकडचा ‘फुलानो’ आपला फलाणा, आणि जकातीच्या कचेरीला ते ‘आदुआना’ म्हणतात त्यात आपला दिवाण बसलाय.

धागाकर्ती

‘विध्यर्थ’ खोडलं. आता समासात तीन बाण आहेत: यावं, असतं तर, असेल असा. चौथ्या बाणापुढे ‘येवो’.

एका ठिकाणी मात्र मराठीनं हात वर केले. ‘क्रेओ के बिएने’, ‘येईल असं वाटतं’. ‘नो क्रेओ के बेन्गा’, ‘येईल असं वाटत नाही’. आपलं ‘येईल’ दोन्हीकडे ढिम्म. मागच्या चाचणीत याच वाक्याला लाल रेघ आली होती, हे बहुतेक पाठच करावं लागणार.

उद्या पुन्हा चाचणी आहे. ओहाला आप्रुएबे. पास होवो मी.

प्रतिसाद ६

‘होवो’ कशाला? होशील.