रहस्यकथेतला श्रीमंत परदेशी संग्राहक: दोन प्रसंगांत उभा कसा करायचा?

कथाकरी: दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितोय. काळ १९७४. नगर जिल्ह्यातल्या हेमाडपंती देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरून सुरसुंदरीचं, म्हणजे तिथे कोरलेल्या अप्सरेचं, शिर फोडून नेलं जातं आणि एक अमेरिकन संग्राहक मुंबईत ते विकत घेतो. त्याच्या वाट्याला दोनच प्रसंग आहेत: हॉटेलात खरेदी, मग हातातल्या बॅगेत शिर घालून सांताक्रूझ विमानतळ. तिथे गुप्तहेर त्याला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली अडवतो. खर्ड्यात या माणसाचं चिरूट आणि चेकबुक एवढंच उरलंय. काय करू?

पाथरवट: आधी कायदा. १९७२ चा कायदा लागू झाला ५ एप्रिल १९७६ ला. तुमच्या गुप्तहेराच्या तोंडी १९४७ चा पुरावस्तू निर्यात नियंत्रण कायदा हवा. दुसरं, वजन. वीतभर उंचीचं काळ्या पाषाणाचं भरीव शिरसुद्धा दहा-पंधरा किलो भरतं. ते बॅगेत घेऊन माणूस ताठ चालूच शकत नाही, खांदा एका बाजूला झुकतो. गुप्तहेराला हाच धागा द्या, पाळतीची गरज उरणार नाही.

भंगरेषा: चिरूट काढून टाका. मुरलेला संग्राहक चेहऱ्याआधी मानेखालचा भंग, म्हणजे तुटलेली बाजू, बघतो. बेसाल्टचा, म्हणजे या काळ्या पाषाणाचा, ताजा भंग निळसर काळा, कोरा; जुना पृष्ठभाग तपकिरी, मळलेला. त्याचा अंगठा त्या कोऱ्या कडेवरून फिरू दे. माल परवापरवा फोडलाय हे त्याला कळलं, आणि तरीही त्याने "आजोबांच्या संग्रहातलं" असा कागद मागितला, की माणूस उभा राहिला. दोन ओळींचं काम आहे. आणि शिरावर तेल-शेंदूर दाखवू नका, बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरीची सहसा पूजा होत नाही.

पाथरवट: पैशांचंही बघा. फेरा, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, १ जानेवारी १९७४ पासून लागू होता. हॉटेलात रोख डॉलर मोजणारा संग्राहक अडाणी वाटेल. व्यवहार परदेशातल्या खात्यावर ठेवा.

वाचस्पती: सत्यजित राय यांच्या 'कैलासे केलेंकारि' या फेलूदा रहस्यकथेत यक्षीचं शिर घेणारा सिल्व्हरस्टाइन सुरुवातीलाच विमान अपघातात मरतो. तो जातो, वस्तू मागे राहते आणि सगळी कथा तिच्यामागे धावते. अशा पात्राचं काम वस्तूला किंमत आणून देण्याचं; शेवटचा पाठलाग त्याच्यावर खर्चू नये. तुमचा विमानतळ मधेच घ्या, बॅगेत नक्कल निघू दे. तमिळनाडूतल्या शिवपुरमच्या नटराजाचं असंच झालं: दुरुस्तीला गेलेली मूर्ती बदलली, देवळात नक्कल परत आली, अस्सल अमेरिकेत पोचली आणि १९८६ मध्ये परतली.

कथाकरी: नक्कल घेतो. म्हणजे हॉटेलात ताजा भंग पाहिलेला माणूस विमानतळावर मानेखाली हात घालतो, तेव्हा अंगठ्याला कड गुळगुळीत लागते. फसवणूक आधी त्यालाच कळेल, गुप्तहेराला नंतर.