आठवडा संपला, आता घरचं बोलू या

मंडळी, सुटला एकदाचा आठवडा. ऑफिस, बातम्या, राजकारण यावर पुरेसं बोलून झालंय. आज फक्त घराबद्दल लिहा. मोठं काही घडलेलं असायला हवं असं नाही. घरात काय बिघडलं, काय मार्गी लागलं, कोणी न सांगता काय करून ठेवलं, एवढंही पुरे. विशेषतः ती कामं लिहा, जी झाली तर कुणाला दिसत नाहीत आणि राहिली तर घरभर दिसतात. त्यांच्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून मी विचारतेय.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्या फ्रीजमध्ये सगळ्यात खालच्या खणाखाली पाणी साचत होतं. पुसावं, की पुन्हा तेच. घरात सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि सगळ्यांनी त्यावरून हात फिरवून खण परत सरकवला होता. या आठवड्यात मी फ्रीज बंद करून, रिकामा करून नीट पाहिलं. आतल्या मागच्या भिंतीवर जे दव धरतं ते ओघळून खाली एका पन्हाळीत येतं, तिथल्या बारीक भोकातून मागच्या बाजूला कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत पडतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने तिथेच वाळून जातं. आमचं ते भोक कचऱ्याने बुजलं होतं. मऊ काडीने मोकळं केलं, कोमट पाणी थोडं थोडं सोडलं, ते मागे उतरताना ऐकू आलं. खण आता कोरडा आहे. मला त्याचं खरंच समाधान वाटतंय.

*

आमच्याकडे पाहुण्यांच्या खोलीतल्या बाथरूमला वास यायचा. फरशी घासली, फिनेल टाकलं, खिडकी उघडी ठेवली, उपयोग शून्य. शेवटी प्लंबरदादांनी सांगितलं की जाळीखाली पाइपाला जो बाक असतो त्यात कायम पाणी उभं राहायला हवं, तेच गटाराचा वास अडवतं. बाथरूम वापरात नसलं की ते पाणी आटतं. आता आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओततो. वास गेला.

*

मला त्या न दिसणाऱ्या कामांवरच लिहायचंय. जरा लांब होईल.

आमच्या घरात कामं वाटलेली होती. नवरा भांडी घासायचा, मुलांना आंघोळ घालायचा, बाजारात जायचा. कोणी विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं की अर्धं अर्धं करतो. तरी संध्याकाळपर्यंत माझं डोकं भणभणलेलं असायचं आणि त्याचं नाही, आणि याचं कारण मला सांगता यायचं नाही. तो मनापासून म्हणायचा, ‘तू फक्त सांग, मी करतो.’ त्या ‘सांग’ने मी जास्त दमायचे.

मग अ‍ॅलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचनात आलं. त्यांनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ साली मांडलंय की घर चालवण्यात डोक्याने करायची कामं चार असतात. पुढे काय लागणार ते आधी ओळखणं, ते भागवायचे मार्ग शोधणं, त्यातला एक ठरवणं, आणि ठरलं ते नीट झालं का यावर नजर ठेवणं. त्या जोडप्यांमध्ये ठरवण्याचा भाग बहुतेक दोघं मिळून करत होती. पहिला आणि शेवटचा भाग मात्र जास्त करून बायकांकडे होता. वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. माझ्या दमण्याला कुणीतरी जागा दिली होती.

त्याला दाखवलं. तो वाद घालेल असं वाटलं होतं, पण तो गप्प बसून वाचत राहिला. मग आम्ही कामाचे तुकडे वाटणं थांबवलं आणि अख्खी कामं वाटली. मुलांच्या तब्येतीचं सगळं आता त्याचं. लस कधी द्यायची, फाइल कुठे ठेवायची, डॉक्टरांची वेळ कधी घ्यायची, तापाच्या औषधाची मुदत संपली का, मोठीच्या चष्म्याचा नंबर परत कधी तपासायचा, सगळं. मी विचारायचं नाही. न विचारणं ही माझ्या वाटची मेहनत, आणि ती सोपी नाही हे सांगते. जीभ शिवशिवते. पण या गुरुवारी तो आपणहून म्हणाला, ‘डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली फोडून महिना झाला, टाकून दिली. त्यावर फोडल्यानंतर किती दिवस चालेल ते लिहिलेलं असतं, तुला माहिती होतं का?’ मला माहिती नव्हतं. आमच्या घरातली एक गोष्ट मला माहीत नव्हती, कारण ती दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात होती. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

*

वरच्या ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी एकटा राहतो. माझ्याकडे हे चारही भाग माझेच, वाटून घ्यायला कुणी नाही. याचा त्रास नाही, पण आजारी पडलो की कळतं. म्हणून मी शनिवारी सकाळी घरातून एक फेरी मारतो, वही घेऊन. काय संपत आलंय, काय कुरकुरतंय, कुठे गळतंय. लिहून ठेवलं की आठवडाभर डोकं मोकळं राहतं.

या फेरीत टॉवेलांचा उलगडा झाला. धुतलेले टॉवेल अंग पुसताना पाणी टिपतच नव्हते. कपडे मऊ करायचं जे द्रव आपण घालतो त्याचा धाग्यांवर थर बसतो, म्हणून. ते घालणं बंद केलं, पावडरही कमी केली, आणि टॉवेल पुन्हा कामाचे झाले. दुसरं म्हणजे पुढून उघडणारं मशीन असेल तर धुणं झाल्यावर दार किलकिलं ठेवा आणि रबराची घडी पुसून घ्या. काळी बुरशी तिथेच धरते.

*

आज वेगळं काही नाही. सगळ्या चादरी धुतल्या, वाळल्या, घड्या झाल्या, कपाटात गेल्या. घरात ज्यांना धुळीची शिंक येते त्यांच्या चादरी आणि अभ्रे मी ६० अंशांच्या पाण्यात धुते. अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे किडे त्या तापमानात मरतात.

*

बाबा आमच्याकडे राहायला आले त्याला आता काही महिने झाले. रात्री त्यांना उठावं लागतं. मला झोपेतही त्यांच्या चपलांचा आवाज येतो, आणि आवाज थांबला की मी उठून बसते. या आठवड्यात भावाने आणि मी त्यांच्या पलंगापासून संडासापर्यंतची वाट नीट केली. आधी ती वाट आम्ही स्वतः रात्री दिवे बंद करून चाललो. तेव्हा कळलं की सरकणारं पायपुसणं नेमकं वळणावर आहे, आणि दिव्याचं बटण दारापाशी, म्हणजे पलंगापासून सगळ्यात लांब. पायपुसणं काढलं. हालचाल झाली की आपोआप लागणारे छोटे दिवे भिंतीला खाली, पायांच्या उंचीवर लावले. वरून झगझगीत उजेड आला की बाबांना मिनिटभर काहीच दिसत नाही, खालच्या उजेडाने तसं होत नाही.

संडासात धरायचा बार लावायचा होता. ते आधी ‘मला कशाला’ म्हणाले. भावाने वाद घातला नाही. ‘बाबा, तुमचा हात आपसूक कुठे जातो तेवढं दाखवा’ म्हणाला. त्यांनी हात ठेवला, तिथे आम्ही पेन्सिलने खूण केली आणि त्याच उंचीवर बार बसवून घेतला. टॉवेल अडकवायची दांडी कुणी आधाराला वापरत असेल तर कृपया बदला. ती माणसाचं वजन पेलायला बनवलेली नसते. आधाराचा बार भिंतीत खोलवर पक्का करावा लागतो.

त्यांनी जागा स्वतः दाखवली म्हणून ते तो धरतात. आम्ही ठरवून लावला असता तर धरला नसता, अशी माझी खात्री आहे.

*

बाबांचं वाचून माझ्या आजीची आठवण आली. तुम्ही दोघं बहीणभाऊ फार छान करताय.

माझं छोटंसं. फ्लशच्या टाकीतून बारीक गळती आहे का ते आवाजावरून कळत नव्हतं. टाकीत खाण्याचा रंग टाकला आणि अर्धा तास कुणी फ्लश करायचं नाही असं मुलाला सांगितलं. तो दारात पहारा देत बसला. भांड्यात रंग उतरला, म्हणजे गळत होतं. आतला रबराचा पडदा बदलला. आता तो प्रत्येक नातेवाईकाच्या घरी ही तपासणी करायला तयार आहे.

*

एक कळकळीची विनंती, कारण आज बरेच जण साफसफाईबद्दल लिहिताय. ब्लीच आणि संडास धुवायचं आम्ल कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग सुद्धा मधे भरपूर पाणी न ओतता वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव हीसुद्धा तितकीच वाईट जोडी. माझ्या शेजारच्या काकूंना यामुळे दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्या बऱ्या झाल्या, पण तो खोकला मी ऐकलाय.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्याने धोका नाही. पण फसफसून झाल्यावर दोघांचा जोर एकमेकांनी संपवलेला असतो, उरतं ते जवळजवळ पाणीच. किटलीतला पांढरा थर काढायचा असेल तर नुसतं व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल पाण्यात घालून गरम करा. थर क्षाराचा असतो, आम्लात विरघळतो. नंतर स्वच्छ पाणी एकदा उकळून फेकून द्या.

*

प्रश्न विचारला तर चालेल ना? जिन्यातला बल्ब बदलून एलईडी लावला. बटण बंद केलं तरी रात्री तो मंद पेटलेला दिसतो. मुलगी तिथून जायला घाबरते. वायरिंगमध्ये काही धोका असेल का?

*

त्या बटणावर अंधारात दिसावा म्हणून छोटा लाल दिवा आहे का? असेल तर बहुधा तेच कारण. तो दिवा पेटता राहावा म्हणून बटण बंद असतानाही सर्किटमधून अगदी थोडी वीज वाहत राहते. जुन्या बल्बला ती पुरत नव्हती, एलईडीला तेवढी पुरते. बिनदिव्याचं साधं बटण बसवून घ्या. त्यानेही थांबलं नाही तर बटण चुकून न्यूट्रलच्या वायरवर जोडलेलं असू शकतं, आणि ते मात्र इलेक्ट्रिशियनकडून लगेच सुधारून घ्यायला हवं, कारण मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. मुलीला बल्ब का पेटतो ते सांगा. आमच्या धाकट्याला कारण कळलं त्या रात्रीपासून तो एकटा जायला लागला.