शाळेतून संसदेत गेलेले मिरोन सिच: मोठ्या पक्षाची उमेदवारी त्यांनी का घेतली असावी?

खानापूरकर (प्रश्न)

नमस्कार. मी कर्नाटकातील मराठी सीमाभागात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी उच्च प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावच्या वाचनालयाने पुढील महिन्यात माझे व्याख्यान ठेवले असून, भाषिक अल्पसंख्याकांतून पुढे आलेल्या एखाद्या परदेशी लोकप्रतिनिधीविषयी मी बोलावे, अशी कार्यकारिणीची इच्छा आहे. मी पोलंडमधील मिरोन सिच यांची निवड केली, कारण त्यांची सुरुवात माझ्यासारखीच वर्गातून झाली.

सिच हे पोलंडमधील युक्रेनियन अल्पसंख्याक समाजाचे. देशाच्या उत्तर टोकाला असलेल्या गुरोवो इवावेत्स्क्ये या लहानशा शहरातील युक्रेनियन माध्यमाच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि पुढे २००७ ते २०१५ अशी आठ वर्षे सेय्मचे, म्हणजे पोलिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, सदस्य राहिले. माझे अडते ते एका ठिकाणी. तेथील कायद्यानुसार सेय्ममध्ये जागा मिळण्यासाठी पक्षाला देशभरात किमान ५ टक्के मते लागतात, पण अल्पसंख्याक समाजाने स्वतःची यादी उभी केली तर तिला ही अट लागू होत नाही. अशी सवलत असताना सिच आपल्या समाजाच्या यादीवर उभे न राहता सिव्हिक प्लॅटफॉर्म या मोठ्या पक्षाच्या उमेदवारीवर का निवडून आले? आपल्या भागात असा निर्णय घेणाऱ्याकडे कसे पाहिले जाते, हे आपण सर्वजण जाणतो. व्याख्यान संपताच पहिला प्रश्न हाच येणार आहे आणि मला त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे आहे.

निपाणीकर

सर, मी शिक्षणासाठी दोन वर्षे पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ येथे होतो, त्यामुळे हा इतिहास थोडाफार जवळून ऐकला आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर २००७ मध्ये शोधण्यापेक्षा १९४७ मध्ये शोधावे.

२८ एप्रिल १९४७ रोजी पोलंडच्या साम्यवादी सरकारने ‘व्हिस्तुला मोहीम’ सुरू केली. आग्नेय पोलंडमधील सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनियन आणि लेम्को (तेथील डोंगराळ भागातला, युक्रेनियनांना जवळचा समाज) लोकांना घरादारातून उठवून, रेल्वेगाड्यांत भरून, युद्धानंतर जर्मनीकडून मिळालेल्या उत्तर आणि पश्चिम भागांत नेऊन सोडण्यात आले. युक्रेनियन बंडखोरांचा आधार तोडणे हे सरकारने दिलेले कारण होते, परंतु ज्यांचा बंडाशी काडीचा संबंध नव्हता अशी कुटुंबेही त्यात उखडली गेली. नव्या जागी त्यांनी पुन्हा एकत्र येऊ नये, यासाठी कोणत्याही गावात त्यांचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाही, असा दंडक घालण्यात आला. १९९० साली पोलंडच्या सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, या मोहिमेचा निषेध केला, पण तोपर्यंत दोन पिढ्या विखुरलेल्या अवस्थेतच मोठ्या झाल्या होत्या. गुरोवो हे १९४५ पर्यंत जर्मनांचे लांड्सबेर्ग होते. तेथे युक्रेनियन शाळा असण्याचे कारणच मुळी ही सक्तीची पाठवणी आहे.

आता यादीचा मुद्दा. ५ टक्क्यांची अट माफ असली तरी जागा शेवटी मतदारसंघातच जिंकावी लागते, आणि त्यासाठी समाज एका भागात एकवटलेला असावा लागतो. नैर्ऋत्य पोलंडमधील ओपोले भागातील जर्मन अल्पसंख्याक तसे एकवटलेले असल्यामुळे त्यांच्या यादीला १९९१ मध्ये ७ जागा मिळाल्या होत्या. नंतर त्या घटत जाऊन २००७ पासून एकच उरली आणि २०२३ मध्ये तीही गेली. २००२ च्या जनगणनेत दीड लाखांच्या आसपास नोंद झालेल्या जर्मनांची ही स्थिती असेल, तर त्याच जनगणनेतील देशभर पांगलेल्या सुमारे ३० हजार युक्रेनियनांनी स्वतंत्र यादी काढून काय साधले असते? माझ्या मते सिच यांच्यापुढे ‘आपली यादी की मोठा पक्ष’ असा पर्याय नव्हताच. पर्याय होता तो ‘मोठा पक्ष की संसदेबाहेर राहणे’ एवढाच.

जाता जाता एक सुचवतो. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते आणि त्यांच्या मुलांसाठी तेथे पोलिश भाषेतील शाळा चालत होत्या. स्वतःच्या देशापासून हजारो मैल दूर असताना त्या लोकांनी मुलांची भाषा सुटू दिली नाही. हे सांगितले तर आपल्या श्रोत्यांना पोलंड लांबचा वाटणार नाही.

एक वकील, बेळगाव

निपाणीकरांनी दिलेला १० टक्क्यांचा तपशील फार महत्त्वाचा आहे. पोलंडने ६ जानेवारी २००५ रोजी अल्पसंख्याकांविषयीचा कायदा केला. त्यानुसार एखाद्या स्थानिक प्रशासकीय घटकात अल्पसंख्याकांचे प्रमाण किमान २० टक्के असेल, तर त्यांची भाषा कार्यालयात सहायक भाषा म्हणून वापरता येते. म्हणजे एका राजवटीने ज्यांना १० टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी विखुरले, त्यांनाच पुढच्या राजवटीच्या कायद्याने २० टक्क्यांची अट घातली. कायदा उदार असूनही युक्रेनियनांच्या हाती त्यातून फार थोडे आले, ते यामुळे.

मात्र, सर, हे उदाहरण आपल्या भागाला जसेच्या तसे लावू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. आपल्याकडे शासकीय कागदपत्रे अल्पसंख्याकांच्या भाषेत देण्यासाठी १५ टक्के लोकसंख्येचा निकष आहे आणि खानापूर काय, बेळगाव काय, तो निकष आपण केव्हाच ओलांडलेला आहे. आपली अडचण संख्येची नसून अंमलबजावणीची आहे. राज्यघटनेतील ३५०अ हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगते, ३५०ब हे कलम भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्यास सांगते, आणि तरीही जमिनीच्या उताऱ्याची मराठी प्रत मागणाऱ्या शेतकऱ्याला खिडकीवरून परत पाठवले जाते, हे मी माझ्या अशिलांच्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे. सीमाभाग महाराष्ट्रात जावा यासाठी झटणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये कर्नाटक विधानसभेत दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही निवडून आला नाही. त्याची कारणे आपल्यातील फुटीत आणि मतविभागणीत शोधावी लागतील. एकवटलेल्या समाजाने विखुरलेल्या समाजाची नीती जशीच्या तशी उचलणे मला पटत नाही.

शिक्षकांच्या वाटेविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघ आहेत, परंतु कलम १७१ नुसार त्यांत मतदान करण्याचा अधिकार माध्यमिक शाळा आणि त्यावरील संस्थांतील शिक्षकांनाच आहे. सीमाभागात मराठी जिवंत ठेवण्याचा मोठा भार ज्या प्राथमिक शिक्षकांवर आहे, त्यांना तेथे मत नाही. शिवाय सरकारी शिक्षकाला निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा द्यावा लागतो. या अर्थाने सिच यांची वाटचाल आपल्याकडच्या प्राथमिक शिक्षकाला सहज शक्य होणारी नाही.

शिक्षिका, बेळगाव ग्रामीण

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण माणूस शाळेतून राजकारणात का जातो, हे या चर्चेत राहून गेले आहे, म्हणून लिहिते.

पोलंडमध्ये प्राथमिक शाळेत एका इयत्तेतील ७ मुलांच्या पालकांनी मागणी केली की अल्पसंख्याक भाषेचा वर्ग सुरू करावा लागतो. आपल्याकडे १९४९ पासून चालत आलेला आणि १९५६ मध्ये केंद्राने पुन्हा मान्य केलेला निकष शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलांचा आहे. कागदावर हे आकडे जवळजवळचे दिसतात. मागच्या जूनमध्ये माझ्या तिसरीच्या हजेरीपटावर नऊ नावे होती. दहाव्या नावासाठी मी सलग चार संध्याकाळी एका घरी गेले, कारण मुलाचे आईवडील गोव्याला कामाला होते आणि आजी त्याला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवायला निघाली होती. चौथ्या दिवशी आजीने कपाटातून सातबाऱ्याच्या जागी आलेला कन्नड उतारा काढला आणि म्हणाली, “बाई, एवढं वाचून सांगा, मग पोराचं बघू.” मी तो वाचला, त्यातील नावातील चूक दाखवली आणि अर्ज लिहून दिला. मुलगा आता माझ्या वर्गात आहे.

असे अर्ज लिहिता लिहिताच अल्पसंख्याक समाजातील शिक्षक गावाचा प्रतिनिधी होत जातो, मग त्याला कोणी उमेदवारी देवो वा न देवो. अशा शाळेचा मुख्याध्यापक संसदेच्या अल्पसंख्याक समितीत बसतो, तेव्हा त्याला एका तासिकेची किंमत सांगावी लागत नाही. २०२२ मध्ये पोलंड सरकारने जर्मन अल्पसंख्याकांच्या मुलांच्या मातृभाषेच्या आठवड्यातील तीन तासिका एकावर आणल्या आणि त्या पूर्ववत होण्यास २०२४ उजाडले. दोन वर्षांत एक इयत्ता वाचायला शिकते किंवा शिकत नाही.

खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, आपला इशारा मी व्याख्यानात स्वतंत्रपणे मांडेन, कारण तो मांडला नाही तर सिच यांच्या नावावर आपल्याकडच्या पक्षांतराचे समर्थन केले जाईल, आणि तसे होऊ देण्याची माझी मुळीच इच्छा नाही.

सुरुवात वळिवड्यापासून करेन, नंतर फळ्यावर १० आणि २० हे दोन आकडे लिहीन आणि १९४७ च्या रेल्वेगाड्यांची हकिगत सांगून मगच सिच यांच्या शाळेकडे येईन. बाई, आपल्या दहाव्या विद्यार्थ्याची हकिगत नाव न घेता सांगितली तर चालेल का, एवढे कृपया कळवा. निपाणीकर, त्या शहराचा उच्चार मी ‘गुरोवो’ असाच करेन. आजवर ‘गोरोवो’ म्हणत होतो.